सासू, सासवा आणि मधला व

(स्मृतिव्याख्यानमालेत परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

खुर्च्या सोडून पुढच्या सतरंजीवर येऊन बसलेल्या माझ्या मावशा नि आत्या,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सहावीत व्याकरण शिकवले. शाळा गोदाकाठची, दोन खोल्यांची. वचने शिकवताना ते फळ्यावर काही लिहीत नसत, सगळा वर्ग मिळून एका ठेक्यात म्हणायचा : सासू सासवा, जाऊ जावा, जळू जळवा, पिसू पिसवा, ऊ उवा. जात्याच्या फेऱ्यासारखा तो ठेका अजून माझ्या कानात आहे. एके दिवशी मी उभी राहिले आणि विचारले, ‘गुरुजी, मग वस्तूचं वस्तवा का होत नाही? आणि हा व येतो कुठून?’ गुरुजींनी थोडा वेळ विचार केला आणि सांगितले, ‘मला माहीत नाही. तुला कळलं तर मला सांग.’ शिक्षकाने वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. मला उत्तर बरेच उशिरा कळले आणि तोवर ते ऐकायला गुरुजी राहिले नव्हते. म्हणून ते आज इथे सांगते आहे.

उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले. आधी प्राकृतात, मग वेदात, आणि तिथून अनपेक्षितपणे रशिया, बल्गेरिया, सर्बिया या स्लाव्ह भाषांच्या मुलखात. तुम्हालाही त्याच वाटेने नेते, पण उलट्या टोकापासून.

भाषाशास्त्राच्या पुस्तकात काही शब्दांच्या डोक्यावर एक छोटा तारा छापलेला असतो. त्या ताऱ्याचा अर्थ असा की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही. नातलग भाषांतले शब्द शेजारी शेजारी ठेवून, ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम लावून तो मागे जाऊन बांधला आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने ही पद्धत रूढ केली. आज रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन बोलणाऱ्यांचे पूर्वज दीड हजार वर्षांपूर्वी जवळजवळ एकच भाषा बोलत होते. त्या भाषेला आदि-स्लाव्हिक म्हणतात. तिच्यात कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही. स्लाव्ह लेखन सुरू झाले ते ८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोराविया प्रांतात धर्मप्रसाराला निघाले तेव्हापासून. त्यामुळे आदि-स्लाव्हिकच्या प्रत्येक शब्दावर तारा आहे.

त्यातलाच एक तारांकित शब्द *स्वेक्री. अर्थ : नवऱ्याची आई.

हा शेवटचा ‘री’ आपल्यासारखा म्हणू नका. जीभ मागे ओढून, ओठ गोल न करता ‘उ’ म्हणायला जावे तसा तो स्वर आहे. मुळात तो दीर्घ ‘ऊ’ होता आणि स्लाव्ह तोंडात असा बदलला. म्हणजे त्याआधीचा शब्द ‘स्वेक्रू’. आता संस्कृतातली ‘श्वश्रू’ आठवा. संस्कृतात मूळचे ‘ए’ आणि ‘ओ’ हे ऱ्हस्व स्वर ‘अ’मध्ये विरून गेले, म्हणून ‘स्वे’चे ‘स्व’. मधला व्यंजनध्वनी संस्कृतात तालव्य ‘श’ झाला, आणि त्या ‘श’ने आपल्या आधीच्या ‘स’लाही आपल्यासारखे करून घेतले : स्वश्रूची श्वश्रू. पहिला ध्वनी खरोखर ‘स’ होता याला साक्ष इराणची. अवेस्तेत सासऱ्याला ‘ख्वसुर’ म्हणतात, आणि तिथला ‘ख्व’ हा जुन्या ‘स्व’चाच होतो. लॅटिनात हीच बाई ‘सोक्रुस’, ग्रीकात ‘हेकुरा’, जर्मनमध्ये ‘श्वीगर’. स्लाव्हमध्ये मधला ‘क’ मात्र नियमाला सोडून आहे, तिथे ‘स’ यायला हवा होता. शेजारच्या ‘र’मुळे तो टिकला असे काही म्हणतात, आधीच्या ‘स’शी टक्कर टाळायला म्हणून, असे काही. मला ‘र’चे कारण जास्त पटते.

शब्दांची अशी जुळणी तुम्ही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पुष्कळदा वाचली असेल. पितृ-पातेर, मातृ-मातेर. मला आज त्याच्या पुढे जायचे आहे, कारण शब्द उसना घेता येतो, पण त्या शब्दाच्या चालण्यातली लकब सहसा उसनी घेता येत नाही. दोन माणसांचे नाक सारखे असले तर योगायोग म्हणता येईल, पण दोघेही चालताना डावा पाय तसाच ओढत असतील तर त्यांची घरे विचारावीशी वाटतात. शब्दाची चाल म्हणजे त्याचा विभक्तिविचार.

तर *स्वेक्री चालते कशी? प्रथमेला स्वेक्री. द्वितीयेला स्वेक्रुवि. षष्ठीला स्वेक्रुवे. चतुर्थीला स्वेक्रुवी. कर्ता म्हणून एकटी उभी असते तेव्हा शेवटी नुसता स्वर. पुढे प्रत्यय आला की स्वर फुटतो आणि आतून ‘व’ बाहेर पडतो. ऊ अधिक स्वर, म्हणजे उव्. गुरुजींच्या वर्गातला तोच व.

आता वेदाकडे या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पंचाऐंशीवे सूक्त हे विवाहसूक्त. त्याच्या शेहेचाळिसाव्या ऋचेत नव्या नवरीला सासरी सम्राज्ञी होण्याचा आशीर्वाद आहे, आणि तिथे सासू सप्तमीत येते : श्वश्र्वाम्. छंद अनुष्टुभ, चरणाला आठ अक्षरे. पण छापले आहे तसे म्हटले तर तो चरण सातच अक्षरांचा भरतो. एक अक्षर कमी पडते. ते भरून निघते केव्हा, तर ‘श्वश्रुवाम्’ असे सोडवून म्हटले की. रचणाऱ्याच्या तोंडात ‘श्रुवा’ होते. पुढे संधीचे नियम कडक झाले आणि लिहिताना ‘श्र्वा’ झाले. ‘श्रुवाम्’ आणि ‘क्रुवे’ शेजारी ठेवा. विभक्ती वेगळी आहे, प्रत्यय वेगळा आहे, पण सांध्यातून बाहेर पडणारा ‘उव’ एकच आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पंजाबच्या नद्यांकाठी रचलेल्या ऋचेत गहाळ झालेले अक्षर स्लाव्ह शब्दात जसेच्या तसे ऐकू येते, हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते.

याहून नेमकी जोडी हवी असेल तर भुवईची घ्या. संस्कृत भ्रू, षष्ठी भ्रुवः. आदि-स्लाव्हिक *ब्री, षष्ठी ब्रुवे. इथे प्रत्ययसुद्धा एकच, ‘अस्’ आणि त्याचा झिजून उरलेला ‘ए’. आपण मराठीत भुवई म्हणतो, त्यातला व तुमच्या कपाळावर आहे.

स्लाव्ह भाषांनी पुढे या सासूचे काय केले ते ऐकण्यासारखे आहे. रशियनने प्रथमेचे रूप टाकून दिले आणि द्वितीयेचे रूप कर्त्याच्या जागी बसवले. आज रशियात सासू म्हणजे स्वेक्रोव्. भुवईचेही तेच झाले, रक्ताचेही, प्रेमाचेही. सगळे शब्द ‘ओव्’ने संपतात, कारण सगळे मुळात कर्म होते. सर्बियन आणि बल्गेरियन बोलणाऱ्यांनी वेगळी वाट धरली : त्यांनी ‘व’ला आकार जोडून नेहमीचा आकारान्त स्त्रीलिंगी शब्द केला. सर्बियनमध्ये स्वेक्र्‌वा, बल्गेरियनमध्ये स्वेकर्वा. पोलिश आणि चेकने ‘व’ गाळूनच टाकला, आणि आता तर जुना शब्दही बहुतेक सोडून दिला आहे.

मावशींनो, आता आपल्या घरी येऊ.

श्वश्रूपासून सासूपर्यंतची वाट सरळ आहे. ‘श्व’चा ‘स’, ‘श्र’चा ‘स्स’, म्हणजे सस्सू. मग जोड व्यंजन सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. तसे सस्सू, सासू. अश्रूचा आसू झाला तो याच वाटेने, आणि आसूचे अनेकवचन काय? आसवे. तिथेही व. लिंग वेगळे म्हणून शेवट वेगळा, पण सांध्यातले वागणे तेच.

सासऱ्याच्या बाबतीत एक गंमत आहे. श्वशुराचा ससुर होतो, हिंदीत तो तसाच आहे. मराठीत ‘सा’ लांब का? श्वशुरात जोडाक्षर सुटे होऊन स्वर लांबावा असे काही घडतच नाही. माझे मत असे की सासूशेजारी राहून सासऱ्याने तिचा आकार घेतला. व्याकरणकारांचा कल मात्र उलटा. कात्यायनाने आपल्या वार्तिकात श्वशुर या पुल्लिंगी शब्दातला उ आणि अ गाळून, त्याला दीर्घ ऊ लावून श्वश्रू सिद्ध केली. रूपसिद्धीपुरते ते बरोबर आहे. मराठीपुरता इतिहास पाहाल तर सासऱ्याने सासूकडून घेतले. जुना उकार हवाच असेल तर सासुरवास, सासुरवाडी, सासुरवाशीण हे शब्द पाहा. जोडशब्दाच्या पोटात तो सुरक्षित राहिला.

आणि सासवा? इथे मला जपून बोलायचे आहे, कारण मोह मोठा आहे. स्वेक्रुवे, श्वश्रुवाम्, सासवा अशी एक सलग रेघ ओढून टाळ्या घेता येतील. पण ती रेघ मध्ये तुटलेली आहे. संस्कृतातली जुनी रूपे प्राकृतात येईपर्यंत बहुतेक झिजली आणि नव्याने बांधली गेली. प्राकृतात सासू, वहू अशा शब्दांना अनेकवचनाचा स्वर थेट लागतो. तो स्वर आणि आधीचा ‘ऊ’ यांच्या सांध्यात पुन्हा ‘व’ उगवतो : सासूआ, सासुवा, सासवा. म्हणजे आपला व वेदातून जपून आणलेला नाही. तो त्याच जागी, त्याच कारणाने दुसऱ्यांदा उगवला आहे. तोंड तेच, ‘ऊ’नंतर स्वर आला की ओठ गोलच असतात आणि वाटेत ‘व’ होतोच. एखादी विहीर बुजावी आणि शंभर वर्षांनी कोणी तिथेच खणले की त्याच झऱ्याला पाणी लागावे, तसे.

याला पुरावा गुरुजींच्या यादीतच आहे. जळू, ऊ, पिसू हे शब्द श्वश्रूच्या जातीचे नाहीतच. जळू आली जलौका किंवा जलूका यावरून, ऊ आली यूका यावरून. त्यांचा शेवटचा ‘का’ प्राकृतात पुसट होऊन ‘आ’ उरला, मग ‘ऊ’. पण एकदा ऊकारान्त स्त्रीलिंगी म्हणून दारात आल्या की मराठीने त्यांना सासूच्या ओळीत बसवले. स्लाव्हमध्येही हेच घडले होते. *स्वेक्रीच्या ओळीत तिथे रक्त आहे, भुवई आहे, बाहेरून आलेले चर्च आहे. आणि एक शब्द आहे *झिर्नी, षष्ठी झिर्नुवे. अर्थ दळण्याचा दगड, जाते. आपल्या सोम कुटण्याच्या ‘ग्रावन्’ या दगडाशी त्याचे नाते आहे. आदि-स्लाव्हिकमध्ये सासू आणि जाते एकाच वर्गात चालत होती, हे जनाबाईच्या गंगाखेडपासून हाकेच्या अंतरावर बसून वाचताना मला काय वाटले ते तुमच्यातल्या पहाटे उठून दळलेल्या बायकांना सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासू किती वेळा येते ते कुणीही वाचून पाहावे.

आता जाऊ. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट तिच्यात आहे.

जाऊ म्हणजे दिराची बायको. संस्कृतात ‘यातृ’. हा शब्द ऊकारान्त नव्हता, मातृ-दुहितृ यांच्या ओळीतला ऋकारान्त होता. आपल्याकडे शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो आणि ऋचा इथे उ झाला, म्हणून जाउ, जाऊ. निव्वळ ध्वनिबदलामुळे ती सासूच्या ओळीत आली आणि मग तिचेही अनेकवचन जावा. आता स्लाव्हकडे पाहा. तिथेही हा शब्द मुळात ऋकारान्तच होता. आदि-स्लाव्हिकमध्ये तो दिसतो *जेंत्री, षष्ठी जेंत्रुवे. तिथे तो ध्वनिनियमाने ऊकारान्त होणे शक्य नव्हते. तो झाला स्वेक्रीच्या सोबतीने. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, एकाच तोंडी रोज एकत्र येणारे दोन शब्द एकसारखे चालू लागले. नणंदही त्याच ओळीत : *ज़ुली, षष्ठी ज़ुलुवे. म्हणजे सासू, जाऊ आणि नणंद, तिघी एका चालीच्या. मराठी आणि स्लाव्ह भाषांचा एकमेकींशी काही संपर्क नसताना, हजारो कोस अंतरावर, दोन वेगळ्या कारणांनी, जाऊ दोन्हीकडे सासूच्या पंगतीला येऊन बसली.

लॅटिनात सुनेने असेच केले. सून म्हणजे संस्कृत स्नुषा, प्राकृत सुण्हा, आदि-स्लाव्हिक *स्नुखा. लॅटिनात ती ‘नुरुस’ होऊन ‘सोक्रुस’सारखी चालते. सुनेने सासूचा प्रत्यय उचलला. आपल्याकडे मात्र सुनेने आपली चाल वेगळी ठेवली : सून, सुना, सुनेला.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाथरी भागातल्या. त्या जाऊ कधीच म्हणाल्या नाहीत. ‘माझी थोरली जाव,’ म्हणायच्या. ‘म्हाताऱ्या दोन सासवा होत्या मला, अन् चार जावा. भाकरी किती लागत असतील तूच हिशेब कर.’ मी शहरात शिकलेली, मला सुरुवातीला ते अशुद्ध वाटायचे. मग एक दिवस रशियन स्वेक्रोव्ची हकीकत वाचताना हात थांबला. जावेला, जावेचा, जावा. प्रत्येक रूपात व आहे, फक्त प्रथमेच्या एकवचनात नाही. आत्याबाईंच्या बोलीने बाकीच्या रूपांतला व ओढून प्रथमेत आणला आणि शब्द सरळ केला. रशियनने सासूच्या बाबतीत जे केले तेच पाथरीने जावेच्या बाबतीत केले. अशुद्ध कुठे आहे त्यात? पुस्तकी मराठी जिथे थांबली तिथून बोली एक पाऊल पुढे गेली. त्या दिवशी मी आत्याबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. प्रत्यक्ष सांगितले असते तर ‘रिकामे उद्योग’ म्हणाल्या असत्या, तरीही सांगायला हवे होते.

तुमच्या लक्षात आले असेल की आतापर्यंतचे सगळे शब्द एका बाजूचे आहेत. सासू, सासरा, दीर, जाऊ, सून. दीरही जुना : संस्कृत देवृ, देवर, रशियन देवेर. सगळे नवऱ्याकडचे. बर्टोल्ड डेलब्रूक या जर्मन भाषापंडिताने १८८९ साली या नातेवाचक शब्दांवर एक मोठा प्रबंध लिहिला आणि हीच गोष्ट दाखवली : मूळ भाषेपर्यंत मागे नेता येणारे सासरचे शब्द हे सुनेच्या तोंडचे शब्द आहेत. बायकोच्या आईला, बायकोच्या बापाला असा सर्व शाखांत टिकलेला शब्द नाही. रशियनमध्ये बायकोची आई वेगळी आहे, ‘त्योश्चा’. जुन्या स्लाव्ह बायबलात सायमनच्या सासूला तोच जुना शब्द लावला आहे, आणि सुनेविरुद्ध उभी राहणारी सासू मात्र स्वेक्री. मराठीत दोघींना सासूच म्हणतात, पण तो विस्तार नंतरचा. पाच-सहा हजार वर्षांचा हा शब्द परक्या घरी आलेल्या मुलीने वापरला, आपल्या मुलीला दिला, आणि ती मुलगी तो घेऊन आणखी एका परक्या घरी गेली. शब्दाचा प्रवास या वाटेने झाला.

आणि तरी, परभणीत सासूला कोणी सासू म्हणून हाक मारत नाही.

आपण ‘आत्या’ म्हणतो, ‘आत्याबाई’ म्हणतो. सासऱ्याला मामा, मामंजी. का, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे : मामाची मुलगी करण्याची आपली चाल. मुलगी आतेभावाच्या घरी दिली की तिची सासू खरोखरच तिची आत्या असते, आणि तो मुलगा ज्याला सासरा म्हणणार तो खरोखरच त्याचा मामा. पुढे नाते नसले तरी हाक तीच राहिली. आता गोदावरीच्या खाली जा. नांदेड ओलांडून नदी तेलंगणात शिरते. तिथे ‘अत्त’ म्हणजे बापाची बहीणही आणि सासूही. कानडीत ‘अत्ते’, दोन्ही अर्थ. तमिळमध्ये ‘अत्तै’. हा द्राविड शब्द आहे, आणि द्राविड नातेपद्धती घेऊन आलेला आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवले, जिथे उत्तरेकडची भाषा आणि दक्षिणेकडची नाती एकमेकांत मिसळतात. ते मिसळणे एकाच बाईच्या दोन नावांत दिसते. तिच्याबद्दल बोलताना सासू, तिच्याशी बोलताना आत्या.

हे मिसळणे अलीकडचेही नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथल्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या बोलीत. तिच्यात सुना सासूला हाक मारतात तेव्हा शब्द येतो ‘अत्ता’. संस्कृत टीकाकार खाली अर्थ देतात : श्वश्रू. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी सून सासूला जी हाक मारत होती, तीच आज सकाळी या गावात कोणीतरी मारली असेल. त्या गाथांतली गावे, शेते, ओढे वाचताना मला नेहमी आपला मुलूख आठवतो, आणि ही हाक ऐकली की तो आठवायचीही गरज उरत नाही.

परभणीचे आणखी एक घर राहिले. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, उर्दू कचेरीची आणि शाळेची भाषा होती, आणि आजही या गावातल्या कितीतरी घरांची ती मायबोली आहे. उर्दूत सासऱ्याला दोन शब्द आहेत. एक ससुर, आपलाच. दुसरा ख़ुसर, फारसीतून आलेला. तो कुठला? मघाशी सांगितलेल्या अवेस्तेतल्या ‘ख्वसुर’चा भाऊबंद. मूळ शब्द एक. एक शाखा इराणात राहिली, एक हिंदुस्थानात आली, दोन्ही आपापल्या परीने बदलल्या, आणि हजारो वर्षांनी एकाच भाषेत, एकाच घरात भेटल्या. बोलणाऱ्याला त्या सख्ख्या बहिणी-भावंडांसारख्या आहेत हे कळायचे कारण नाही, इतक्या त्या बदलल्या आहेत.

अशीच एक भेट उलट दिशेने झाली. हजारएक वर्षांपूर्वी आपल्या देशातून काही भटके समाज पश्चिमेकडे निघाले ते युरोपात पोचले. त्यांची भाषा रोमानी. तिच्यात सासूला ‘सासुय’ म्हणतात, सासऱ्याला ‘सास्त्रो’. हे लोक बल्गेरियात, सर्बियात, रशियात शतकानुशतके राहात आहेत. म्हणजे तिथल्या एखाद्या गावात एका घरात सासुय म्हणतात आणि शेजारच्या घरात स्वेकर्वा.

गुरुजींना विचारलेला अर्धा प्रश्न अजून शिल्लक आहे : वस्तूचे वस्तवा का नाही? कारण वस्तू आपण पोथीतून घेतली. ती संस्कृतातून तयार आली, प्राकृताच्या तोंडातून तिची झीज झालीच नाही. तसे झाले असते तर तिचे रूप ओळखूही आले नसते, आणि कदाचित तिलाही व फुटला असता. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या मराठीवरच्या ग्रंथात या दोन प्रकारच्या शब्दांमधला फरक इतक्या बारकाईने मांडला आहे की तो मी गुरुजींच्या हाती द्यायला हवा होता. वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर केले आहे, वाचनालयात शोधा.

मात्र आता काळजीची गोष्ट. हल्ली मुलांच्या उत्तरपत्रिकांत ‘सासू’चे अनेकवचन ‘सासू’च सापडते, मालिकांच्या जाहिरातींतही. ‘दोन सासू’. कारणही समजते. एका घरात दोन-तीन सासवा आणि चार जावा राहायच्या तेव्हा अनेकवचन रोज लागायचे; आता लागत नाही, म्हणून विसरते. एकत्र कुटुंब परत यावे असे मी म्हणणार नाही, आत्याबाईंनी भाकऱ्यांचा हिशेब मला सांगितला आहे. पण रूप जायच्या आत ते टिपून तरी ठेवू.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. दाराशी वही ठेवली आहे. आपल्या घरच्या म्हाताऱ्या बाईला चार गोष्टी विचारा आणि त्या वहीत आणून लिहा : ती जाऊ म्हणते की जाव, ‘सासूला’ म्हणते की ‘सासवेला’, सासूचे अनेकवचन काय करते, आणि आपल्या सासूला हाक काय मारायची. सोबत तिचे माहेरचे गाव लिहा, सासरचे नाही, कारण बोली ती माहेरून घेऊन आली. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, परभणी. नऊही तालुक्यांची पाने मी आखून ठेवली आहेत. पाथरीच्या पानावर पहिली नोंद आत्याबाईंची आहे.